दिल्लीवरून जीपचं इंजिन ट्रान्सपोर्टने येतंय, उतरवून घेताना काय काय बघायचं?

जीपवेडा_फलटण

नमस्कार मंडळी, एवढं मोठं काही पहिल्यांदाच मागवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडिलांची १९९१ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. ते गेल्यापासून सात वर्षं गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती, कुणी हात लावला नव्हता, आता मी करायला घेतलीय. मूळ इंजिनच्या ब्लॉकलाच चीर निघाली, मेस्त्री म्हणाला यात पैसे घालू नको, दुसरं बघ. पुणे झालं, कोल्हापूर झालं, धड काही मिळालं नाही. शेवटी दिल्लीत मायापुरीतल्या एका दुकानात तेच प्युजोचं एक्सडीपी ४.९० मिळालं, गिअरबॉक्ससकट, व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवलं. सोबत बोनेट आणि पुढचे दोन मडगार्ड घेतले. बिलासकट सगळं ९६ हजार.

माल परवा निघाला. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीचा) फोटो आलाय. नग २, वजन ४६० किलो, टू पे (भाडं माल घेताना द्यायचं), भाडं ५,६००, डोअर डिलिव्हरी. दुकानदार म्हणत होता इंजिन गिअरबॉक्स मिळून २८० किलो भरलं, पत्रा असून असून किती असणार, मग हे ४६० कुठून आलं कळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. ट्रान्सपोर्टच्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो गाडी दारापर्यंत येईल, उतरवायचं तुमचं तुम्ही. आमचं घर वस्तीवर आहे, शेवटचा पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्ही अंगाला ऊस, वर विजेच्या तारा लोंबतायत, आयशर ट्रक आत येईल का नाही हीच शंका. घरात मी, धाकटा भाऊ आणि दोन गडी. चौघांनी मिळून उचलता येईल का? नाहीतर कशाने उतरवायचं? आणि घेताना काय तपासायचं, सही कुठे करायची, काही तुटलं असेल तर काय करायचं? प्लीज ज्यांनी असा माल घेतलाय त्यांनी सांगा, पैसे जमवून घेतलंय, दुसऱ्यांदा घ्यायची ऐपत नाही.

उद्यमनगर_मेस्त्री

भावा पहिली गोष्ट, हाताने उचलायचा विचार डोक्यातनं काढून टाक. चौघांनी नाही आणि आठ जणांनीपण नाही. २८० किलो सपाट पोतं असतं तर गोष्ट वेगळी, इंजिनचा तोल एका बाजूला असतो, गिअरबॉक्सची शेपटी लांब आणि हलकी, पुढचं तोंड जड. एकाचा हात सुटला की सगळं त्याच्याच अंगावर. मी कोल्हापुरात उद्यमनगरात एकतीस वर्षं हेच काम करतोय, पायाची बोटं गेलेली माणसं बघितलीत.

गाडीचा फाळका (मागची उघडणारी फळी) जमिनीपासून साधारण चार फूट असतो. तिथनं खाली आणण्यापेक्षा खाली आणायचंच नाही असं बघ. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा पिकअप मागं मागं घेऊन फाळक्याला फाळका भिडवायचा, मध्ये जाड फळी, खाली दीड इंची लोखंडी पाईपचे तीन चार तुकडे, आणि पहारीने ढकलत ढकलत खोका सरळ इकडून तिकडं. उतारावर करू नको, दोन्ही गाड्यांच्या चाकांना दगड लाव, आणि मागून एक दोर धरून ठेव म्हणजे खोका सुसाट पळणार नाही. मग गॅरेजला नेऊन चेन कप्पीने निवांत उतरव, घाई करायची नाही.

चेन कप्पी कुठं टांगतोस ते मात्र बघ रे बाबा. घराच्या तुळईला नाही, पत्र्याच्या शेडच्या अँगलला तर मुळीच नाही. आमच्या शेजारच्या गाळ्यात पोरांनी शेडच्या अँगललाच कप्पी टांगली होती, दोन फूट उचललं आणि अँगल मधोमध वाकत वाकत खाली आला, इंजिन आपटलं ते आपटलं, एका पोराचा पायाचा अंगठा चेपला, आजही तो नीट चालत नाही. तीन पायांचा लोखंडी घोडा मिळतो भाड्याने, कुठल्याही बोअरिंगवाल्याकडे विचार. नाहीतर तासाभरासाठी हायड्रा क्रेन बोलव, किंवा गावात जेसीबी असेल तर बकेटला पट्टा लावून उचलता येतं, ऑपरेटर जाणता पाहिजे तेवढंच.

उचलताना इंजिनवर मूळचे दोन हुक असतात, एक पुढं एक मागं, हेडच्या वरच्या बाजूला. पट्टा त्यातच घालायचा. मॅनिफोल्डला, अल्टरनेटरला, पंपाला दोर बांधून उचललेली इंजिनं माझ्याकडं येतात आणि मग हाऊसिंगचा कान (बोल्ट बसतो तो भाग) तुटला म्हणून लोक रडतात.

तपासायचं काय ते दुसऱ्या पोस्टमध्ये लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

बिल्टीवाला

मी पुण्यात ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंगला आणि नंतर डिलिव्हरीच्या टेबलावर मिळून बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जीपवेडा, तुमची बिल्टी वाचूनच बऱ्याच गोष्टी कळतात, एकेक सांगतो.

आधी ते ४६० किलो. दुसरा नग बोनेट आणि मडगार्डचा असणार, त्याचं वजन काट्यावर नाही धरत, मापावर धरतात. लांबी रुंदी उंची फुटात मोजायची, गुणाकार म्हणजे घनफूट, आणि घनफुटाला सहा, आठ किंवा दहा किलो असं काहीतरी ठरलेलं असतं. समजा खोका पाच बाय साडेचार बाय एक फूट, म्हणजे साडेबावीस घनफूट, आठने गुणलं की १८०. २८० आणि १८० मिळून ४६०. पत्रा पंचवीस तीस किलोचा असला तरी गाडीतली जागा तो खातो, म्हणून असं. यात फसवणूक काही नाही, पण बुक करतानाच दुकानदाराने तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता महत्त्वाचं. त्याच बिल्टीवर कुठेतरी बारीक अक्षरात "ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) असा शिक्का आहे का "कॅरिअर्स रिस्क" (जोखीम ट्रान्सपोर्टची) ते बघा, आणि व्हॅल्यूच्या रकान्यात किती आकडा घातलाय ते बघा. फ्रेट ऑन व्हॅल्यू म्हणून एक चार्ज असतो, बिल्टीवर एफओव्ही लिहितात, तो लावलाय का तेही बघा. लोकांना वाटतं तो भरला म्हणजे विमा झाला. तसं नाही. ट्रान्सपोर्टने जास्त जबाबदारी घेतल्याची ती किंमत असते, ट्रान्झिट विमा ही वेगळीच पॉलिसी, ती विमा कंपनीकडून काढावी लागते आणि ती माल निघायच्या आधीच.

कायदा असा आहे. १८६५ चा जुना कायदा होता, तो जाऊन कॅरिज बाय रोड अ‍ॅक्ट २००७ आला आणि त्याचे नियम २०११ साली आले. त्यात, जास्तीची जोखीम पैसे भरून ट्रान्सपोर्टवर टाकली नसेल, तर मालाच्या नुकसानीबद्दल त्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पट रकमेपर्यंतच धरलेली आहे. तुमचं भाडं ५,६००, म्हणजे ५६ हजार. माल ९६ हजारांचा. बाकीचे चाळीस हजार तुमच्या उरावर. म्हणून मी टेबलावर असताना नवीन गिऱ्हाईकाला कायम सांगायचो, शेदोनशे वाचवायला ओनर्स रिस्कवर जड माल टाकू नका.

दुसरं, बिल पूर्ण रकमेचं आहे ना? बरेच दुकानदार "बिल कम का बना दूँ" म्हणतात. एकदा बिलावर तीस हजार लिहिलं की क्लेमपण तीस हजारांचाच. शिवाय ५० हजारांच्या वरच्या मालाला परराज्यातून येताना ई-वे बिल लागतं, ते दुकानदाराने काढलेलं असणार, त्याचा नंबर मागून ठेवा. दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, दिल्लीहून तुमच्याकडे साधारण पंधराशे किलोमीटर धरले तर आठ दिवस. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत वाढवता येते, ते ट्रान्सपोर्टचं काम आहे, पण वाटेत गाडी अडकली तर उशीर तुमच्याच मालाला होतो म्हणून डोक्यात असू द्या.

आणि माझा सल्ला विचाराल तर डोअर डिलिव्हरी बदलून गोडाऊन डिलिव्हरी करून घ्या. आज फोन करा, बिल्टी नंबर सांगा, कन्साइनी म्हणजे माल घेणारे म्हणून तुम्ही हे मागू शकता. तुमच्या भागात बारामती नाहीतर साताऱ्याला त्यांचं गोडाऊन असेल. तिथे गाडीच्या उंचीचा फलाट असतो, हमाल असतात, उजेड असतो, काटा असतो, आणि मुख्य म्हणजे घाईत असलेला ड्रायव्हर डोक्यावर उभा नसतो. माझ्या अनुभवात वस्तीवरच्या कच्च्या रस्त्यावर संध्याकाळी सातला मोबाईलच्या बॅटरीत जी डिलिव्हरी होते त्यात गिऱ्हाईकाचं नुकसान ठरलेलंच, कारण तो काही बघूच शकत नाही.

हमाली किती ते आधी विचारा आणि पावती घ्या. माथाडी टोळी असेल तर त्यांचे दर ठरलेले असतात, १९६९ च्या माथाडी कायद्याने ते काम करणाऱ्यांना संरक्षण आहे, त्यांच्याशी नीट बोला, चहा सांगा, जड नग कसा सरकवायचा हे त्यांना तुमच्या आमच्यापेक्षा जास्त कळतं.

जीपवेडा_फलटण

काका खूप खूप आभार, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. बिल्टी परत झूम करून बघितली, ओनर्स रिस्कच आहे 😞 व्हॅल्यूमध्ये ९६,००० लिहिलंय पण एफओव्ही पुढे रेघ मारलीय. बिल मात्र पूर्ण रकमेचं आहे, दुकानदाराने कमीचं करू का विचारलं होतं, मी नको म्हणालो कारण आरटीओला दाखवायला लागणार. गोडाऊन डिलिव्हरी साठी फोन केला, बारामतीला मिळेल म्हणाले.

बिल्टीवाला

झालं ते झालं, ओनर्स रिस्क म्हणजे ट्रान्सपोर्टने माल कसाही टाकावा असा अर्थ होत नाही. आता सगळा भर पोहोच पावतीवर द्या. ते कसं करायचं हे स्टोअर्स_चाकण ताई मस्त सांगतील, त्यांचं रोजचं काम आहे.

स्टोअर्स_चाकण

बिल्टीवाला काकांनी बोलावलं म्हणून आले 🙂 मी चाकणला एका पार्ट्स कंपनीच्या स्टोअरमध्ये रिसीव्हिंग बघते, दिवसाला वीस पंचवीस गाड्या, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, केबिनचे पत्रे सगळं येतं.

दादा, सगळा खेळ सही करायच्या आधीच्या दहा मिनिटांचा आहे. पोहोच पावतीवर, म्हणजे पीओडीवर, तुम्ही कोरी सही केली की त्याचा अर्थ "माल पूर्ण आणि चांगल्या स्थितीत मिळाला" असा होतो. छापलेलंच असतं तसं. मग घरी जाऊन खोका उघडला आणि आत काही फुटलेलं निघालं की तुम्ही किती फोटो पाठवा, समोरचा एकच वाक्य म्हणतो, तुमची क्लिअर सही आहे.

म्हणून मी काय करते ते सांगते. खोक्याची दोरी सोडायच्या आधी फोटो, चारी बाजूंनी, आणि एक फोटो असा की ज्यात खोका आणि गाडीचा नंबर दोन्ही दिसतील. गोडाऊनला असेल तर खोक्यावर बिल्टी नंबर मार्करने लिहिलेला असतो तो फोटोत यायला हवा. नग मोजायचे. दोन लिहिलेत तर दोनच, पण कधीकधी खोका फुटला की सुटा झालेला पार्ट वेगळा पिशवीत ठेवलेला असतो, तो मागायचा. मग खोक्याची भाषा वाचायची. लाकडाच्या फळ्या एका बाजूला तिरक्या झाल्यात म्हणजे खोका कधीतरी आडवा पडलाय. वर बुटांचे किंवा दुसऱ्या खोक्याच्या कडांचे वळ आहेत म्हणजे वर माल रचलाय. खाली तेलाचा डाग ओला आहे का वाळलाय, ओला म्हणजे अजून गळतंय. खिळे नवे आणि जुने मिसळलेत म्हणजे मध्ये कुठेतरी खोका उघडून परत ठोकलाय.

यातलं काहीही दिसलं की ओपन डिलिव्हरी मागायची. हा शब्द तसाच्या तसा वापरा, "मुझे ओपन डिलिव्हरी चाहिए". म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माणसासमोर खोका उघडायचा, काय आहे ते दोघांनी बघायचं आणि तेच पीओडीवर लिहायचं. क्लार्क कटकट करतो, साहेब नाहीत, वेळ नाही, तुम्ही न्या आणि मग मेल करा. हलायचं नाही. मॅनेजरला बोलवा म्हणायचं, शांतपणे.

आणि लिहायचं कसं, तर "सब्जेक्ट टु चेकिंग" असं मोघम नको. सगळे तेच लिहितात आणि त्याला फारशी किंमत राहत नाही. जे डोळ्याला दिसतंय ते लिहा. नग एक, खोक्याची डावी फळी तुटलेली, आत चेंबरला (इंजिनच्या खालच्या तेलाच्या डब्याला) पोच म्हणजे खळगा, खाली तेल. असं. तारीख, वेळ, ट्रान्सपोर्टच्या माणसाची सही आणि शिक्का, आणि तुमच्याकडे त्याची प्रत. जमलं तर डॅमेज सर्टिफिकेट मागा, त्यांच्याकडे छापील फॉर्म असतो, उद्या क्लेमसाठी तोच कागद सगळे मागतात.

उद्यमनगर_मेस्त्री

ताई सगळं बरोबर पण माझं म्हणणं वेगळं आहे, तुटलेलं दिसलं की घ्यायचंच नाही, परत पाठवायचं. एकदा घरात घेतलं की तुमच्या गळ्यात पडलं. मी दोनदा असे गिअरबॉक्स परत पाठवलेत.

बिल्टीवाला

मेस्त्री, तुम्ही पाठवले ते पुण्याचे असतील, जवळचे. दिल्लीचा माल नाकारला की काय होतं ते मी रोज बघितलंय. नाकारलेला नग गोडाऊनच्या कोपऱ्यात पडतो. दुकानदार म्हणतो मी चांगला पाठवला होता, परतीचं भाडं कोण देणार. ट्रान्सपोर्ट म्हणतं आधी जायचं भाडं द्या मग यायचं बघू. इकडे डेमरेज, म्हणजे माल गोडाऊनला पडून राहिल्याचा आकार, चढत राहतं. कायद्यात आहे, ट्रान्सपोर्टने नोटीस दिल्यावर तीस दिवसांत डिलिव्हरी घेतली नाही तर माल बेवारस धरला जातो आणि पुढे तो विकूनसुद्धा टाकू शकतात. आणि परत गेलाच तरी तेच इंजिन परत पंधराशे किलोमीटर हादरे खात जाणार, दोन ठिकाणी उतरणार दोन ठिकाणी चढणार, आज चेंबरला पोच आहे, तिकडे पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नाही.

ब्लॉक फुटलाय, हाऊसिंगचे तुकडे झालेत, दुसऱ्याच मॉडेलचं इंजिन आलंय, असं असेल तर जरूर नाकारा आणि नाकारल्याचं कारणपण लिहून द्या. बाकी दुरुस्त होण्यासारखं असेल तर नुकसान लिहून माल ताब्यात घ्या. मग लेखी नोटीस. बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस ट्रान्सपोर्टला पोचली पाहिजे, नाहीतर पुढे कोर्टात जायचा रस्ताच बंद. डिलिव्हरीच्या नाही, बुकिंगच्या तारखेपासून, हे लोक चुकतात. पण सहा महिने कशाला थांबायचं, दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.

स्टोअर्स_चाकण

काकांशी सहमत. आमच्याकडेसुद्धा पूर्ण रिजेक्ट फार कमी करतो.

उद्यमनगर_मेस्त्री

बरं पटलं. आता तपासायचं काय ते लिहितो राहिलं होतं.

इंजिन नंबर सगळ्यात आधी. ब्लॉकवर कोरलेला नंबर, बिलावरचा नंबर, आणि दुकानदाराने पाठवलेल्या फोटोतला नंबर, तिन्ही एकच पाहिजेत. नंबर घासलेला, परत ठोकलेला वाटला तर हात लावू नको, चोरीच्या गाडीचं असेल तर तू गोत्यात येशील. मग चेंबर, म्हणजे खालचा तेलाचा डबा, हा सगळ्यात खाली असतो आणि सगळ्यात आधी मार खातो. मग बेल हाऊसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराचे) कान, फाउंडेशनचे (इंजिन गाडीला बसतं तिथले) कान, पुढची पुली सरळ आहे का, पंपाचे आणि नोझलचे पाईप दबलेत का. बघताना बॅटरी मार, हात फिरव, बारीक चीर डोळ्याला नाही दिसत पण नखाला लागते.

आणि सोबत पाना घेऊन जा, पुढच्या पुलीच्या नटावर लावून क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून बघ. डिझेल इंजिन आहे, कॉम्प्रेशनला जोर लागेल, पण फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर तिथंच लिही. दुकानदाराने तेल काढून पाठवलं असेल तर उत्तम, बऱ्याच ट्रान्सपोर्टवाल्यांना तेल भरलेलं इंजिन नकोच असतं, गळून दुसऱ्याचा माल खराब होतो. तोंडं सगळी कापड नाहीतर टोपण लावून बंद पाहिजेत, इनटेकमध्ये खिळा किंवा लाकडाचा तुकडा गेला आणि तू तसंच चालू केलंस तर सगळं संपलं.

विट्याचा_बसवाला

इंजिनचं सगळं आलंय, मी फक्त काचेचं सांगतो कारण पुढे जीपची काचपण मागवशील. आम्ही बसच्या पुढच्या काचा मागवतो. काच कायम उभी न्यायची, आडवी नाही. आणि घेताना मधोमध बघू नका, कडा बघा, चारी कोपरे बॅटरी मारून. पुढची काच लॅमिनेटेड असते, कडेला नखाएवढी चीर असली तरी फ्रेममध्ये बसवताना ती सरळ पळत जाते मधोमध, आणि मग कुणी मानत नाही की ती आधीच होती.

आरसीबुक

इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा कलम ५२. मूळ बिल जपून ठेवा. तुमचं त्याच मॉडेलचं त्याच डिझेलचं इंजिन आहे, ही चांगली गोष्ट. बसवायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून या.

जीपवेडा_फलटण

मंडळी, आज डिलिव्हरी घेऊन आलो, आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अंघोळ करून लिहायला बसलोय कारण तुम्ही एवढं सांगितलंत आणि काय झालं ते सांगायलाच पाहिजे.

सकाळी पिकअप घेऊन मी, भाऊ आणि आमचा मेस्त्री बारामतीला गेलो. गोडाऊनला दोन्ही नग होते. इंजिनचा खोका बघितला आणि ताईंचं वाक्यच आठवलं, डाव्या बाजूच्या फळ्या सगळ्या तिरक्या, खालची एक तुटून बाहेर आलेली, आणि खाली ओला डाग. तेल काढून पाठवतो म्हणाला होता दुकानदार, पूर्ण निथळलं नव्हतं. बोनेटच्या खोक्यावर चौकोनी वळ, वर काहीतरी जड ठेवलेलं.

क्लार्कने भाडं घेतलं, पीओडी पुढे केली, यहाँ साइन करो. मी म्हणालो ओपन डिलिव्हरी चाहिए. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला इंजिन में क्या ओपन डिलिव्हरी, लोहा है. मी काही बोललो नाही, फक्त मॅनेजरला बोलवा म्हणालो. चाळीस मिनिटं बसवलं. माझा भाऊ तापट आहे, त्याला दोनदा बाहेर चहाला पाठवलं. मॅनेजर आले, माणूस बरा होता, खोका बघून स्वतःच म्हणाले खोलो.

उघडलं. इंजिन नंबर बरोबर, तिन्ही ठिकाणी एकच. चेंबरला पुढच्या बाजूला तळहाताएवढा पोच, तिथल्या कडेतून तेल पाझरतंय. अल्टरनेटरची पुली थोडी वाकडी. हाऊसिंगचे कान सगळे शाबूत, मेस्त्रीने एकेक नखाने तपासला. क्रँक फिरला! मेस्त्रीने पाना लावला, दोन्ही हातांनी जोर दिला आणि तो हळूहळू फिरला, मधे एकदा फुस्स असा आवाज आला हवेचा, मला वडिलांची गाडी आठवली आणि डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो. बोनेटचा एक कोपरा दबलाय, मडगार्ड ठीक आहेत.

पीओडीवर हे सगळं लिहिलं, मराठीतच, मॅनेजर म्हणाले चालेल. त्यांनी सही शिक्का दिला. डॅमेज सर्टिफिकेट उद्या देतो म्हणत होते, मी म्हणालो आजच द्या, मी थांबतो. अर्ध्या तासात दिलं. हमाल मंडळींनी फलाटावरून पिकअपमध्ये पाईपवरून असं सरकवलं की बघत राहावं, पिकअपचा तळ फलाटापेक्षा खाली होता तर त्यांनी मध्ये टायर टाकून पायरी केली. हमाली ६०० घेतली, पावती दिली. इकडे गॅरेजला बोअरिंगवाल्याचा घोडा आणून चेन कप्पीने उतरवलं, मूळच्या हुकात पट्टा घालून.

नोटीस उद्या स्पीड पोस्टाने पाठवतोय. काका, मसुदा तुम्हाला मेसेज करू का?

बिल्टीवाला

करा करा. बिल्टी नंबर, बुकिंगची तारीख, नुकसान काय, दुरुस्तीचा अंदाजे खर्च किती, आणि सोबत पीओडी, सर्टिफिकेट, बिल यांच्या झेरॉक्स. दुकानदारालाही एक प्रत पाठवा, पॅकिंग कमी होतं आणि तेल निथळलं नव्हतं हा त्याचा भाग आहे. तुम्ही छान निभावलंत.

उद्यमनगर_मेस्त्री

भावा चेंबरचा पोच बाहेरून ठोकून काढायला सांगू नको हां. आत लगेच वर तेल पंपाची जाळी असते, चेंबर वर दबला की ती जाळी वाकते किंवा चेंबरच्या तळाला चिकटते, मग पंपाला तेल ओढता येत नाही आणि चालू केल्यावर बेअरिंग जळतात. चेंबर पूर्ण उतरव, जाळी बघ, तिचा पाईप पंपाजवळ हलतोय का बघ, नवीन गास्केट टाक. नोटीस पाठवायच्या आधी उघडलंस तर तेही फोटो त्यात जातील, जाळी वाकली असेल तर तो खर्चपण धरता येईल.

जीपवेडा_फलटण

हे लक्षातच आलं नव्हतं. मग नोटीस परवा पाठवतो. उद्या सकाळी मेस्त्री नऊला येतोय, इंजिन घोड्यावर टांगूनच चेंबर उतरवतो आणि जाळीचा फोटो इथे टाकतो.

उद्यमनगर_मेस्त्री

टांगलेल्या इंजिनखाली हात घालू नको. खाली लाकडी ठोकळे ठेवून त्यावर टेकव, मग कूस बदलून आडवं कर आणि बोल्ट काढ.